कंपासपेटीतले केस

बालदोस्तांनो, कंपासपेटीत काय काय असतं हे आम्हा बाईंना विचारा. कर्कटक, कोनमापक, खोडरबर ही झाली पुस्तकातली यादी. माझ्या चौथीच्या वर्गात मात्र कंपासपेट्यांतून चिंचोके निघतात, गोट्या निघतात, एकदा तर चक्क जिवंत सुरवंट निघाला होता. पण 2025 च्या फेब्रुवारीत एका बुधवारी परिपाठ संपल्यावर जी कंपासपेटी माझ्या टेबलावर उघडली गेली, तिच्यात होते पांढरे केस. मूठभर. पिंजलेल्या कापसासारखे मऊ.

कंपासपेटीचा मालक समोर उभा. डोळे लाल.

"बाई, आमचा टायगर मरते का हो?"

टायगर म्हणजे वाघ नव्हे बरं का. टायगर म्हणजे दिवाळीत त्यांच्या घरी आलेलं पॉमेरियनचं पिल्लू. आलं तेव्हा ओंजळीत मावत होतं. आता पाच महिन्यांचं झालं होतं. आठ-पंधरा दिवसांपासून त्याचे केस गळायला लागले होते. अंथरुणावर केस, चपलेवर केस, वरणात केस! तोंड उंदरासारखं झालं, शेपटीचा झुपका गेला आणि नुसती दोरी राहिली. गल्लीतली पोरं त्याला "खरज्या" म्हणायला लागली. आणि आदल्या रात्री वडील म्हणाले होते, "याले रोग लागला. घरात लहान पोरगी आहे. रविवारी गाडीवर नेतो अन् हायवेले सोडून येतो."

वर्गातली दोनतीन मुलं 'टायगर' ऐकून हसली. मी नाही हसले. कारण दोन वर्षांपूर्वी अगदी असेच केस पिशवीत भरून मी स्वतः जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले होते, आणि हाच प्रश्न विचारला होता. फक्त जरा शुद्ध मराठीत.

तर आज तुम्हाला आधी आमच्या बोंड्याची गोष्ट सांगते. टायगरचं काय झालं ते मागाहून.

2022 च्या दिवाळीत आमच्या घरी पिल्लू आलं. आमच्या अकोल्याकडे दिवाळीच्या सुमारास शेतात कापूस फुटलेला असतो. हे पिल्लू हुबेहूब फुटलेल्या बोंडासारखं दिसायचं, म्हणून लेकीनं नाव ठेवलं बोंड्या. विकणाऱ्यानं "प्युअर पॉमेरियन" म्हणून दिलं. आता जरा खरं सांगायचं तर आपल्याकडे ज्याला सगळे पॉमेरियन म्हणतात, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. दोघं एकाच कुळातले, पण खरा पॉमेरियन मोठा झाला तरी दोनतीन किलोंचाच राहतो आणि स्पिट्झ त्याच्याहून चांगला थोराड होतो. 1994 साली आलेल्या 'हम आपके हैं कौन' मधला पांढराशुभ्र टफी तुमच्या आई-बाबांना नक्की आठवत असेल. तो सिनेमा आला तेव्हा मी बालवाडीत होते, आणि आमच्या अख्ख्या गल्लीला टफी हवा होता! पॉमेरियन हे नाव पडलं ते पॉमेरेनिया या प्रदेशावरून. बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचा हा मुलूख आज थोडा जर्मनीत आणि बराचसा पोलंडमध्ये येतो. तुमच्या नकाशाच्या पुस्तकात शोधा. म्हणजे या कुत्र्याचा कोट शिवला गेला थंड मुलखात, आणि घालून फिरायचा अकोल्यात!

तो कोटही एक नसतो, दोन असतात. आत मऊ, दाट लोकरीसारखे केस. त्यांच्यातून वर आलेले लांब, सरळ, जरा राठ केस. आपल्या डोक्यावर एका छिद्रातून एखाद-दुसराच केस येतो. कुत्र्याच्या कातडीत मात्र एकाच छिद्रातून एक जाड केस आणि त्याच्याभोवती बारीक केसांचा झुपका निघतो. पिल्लाला हा दुहेरी कोट जन्मतः नसतो. त्याच्या अंगावर असते नुसती मऊ जावळासारखी पिंजार. चौथ्या महिन्याच्या आसपास ती गळायला लागते, आणि तिच्या खालून मोठेपणाचा कोट हळूहळू वर येतो. हळूहळू म्हणजे किती? पुरता कोट यायला वर्ष, दीड वर्ष, कधी दोन वर्षंसुद्धा लागतात. मधले काही महिने पिल्लू दिसतं अगदी भिकारड्यासारखं. तोंडावरचे केस आधी जातात, मग पायांचे. पाठीवर मध्येच राठ केसांचा पट्टा उगवतो. रंगसुद्धा बदलू शकतो. पांढऱ्या पिल्लाच्या कानांवर बिस्किटी झाक येते, तपकिरी पिल्लू फिकट होतं. आमच्या ह्यांना तर वाटलं, विकणाऱ्यानं फसवलं!

हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं, आणि तिथंच घोळ झाला.

फेब्रुवारी 2023. बोंड्या साडेपाच महिन्यांचा. केस गळत होते, आणि जे गळत होते ते खाली न पडता आतल्या आत अडकत होते. जुने केस, नवे केस, धूळ, सगळं मिळून कानामागे आणि काखेत गाठी झाल्या. मला वाटलं, आंघोळ घालावी म्हणजे सुटतील. एका रविवारी बादलीभर गरम पाणी आणि माझाच शाम्पू घेऊन बसले. विंचरायचं डोक्यातही आलं नाही. आंघोळ झाली, बोंड्या अंग झाडून उन्हात बसला. वाळला तेव्हा बघते तर काय, गाठींचा पार नमदा झाला होता! घोंगडीचा तुकडा चिकटवावा तसा. लोकर ओली करून चोळली की ती घट्ट बसते ना, अगदी तसंच.

मग मी केली दुसरी चूक. पहिलीपेक्षा मोठी. कात्री आणली. कानामागची गाठ चिमटीत धरली, वर ओढली आणि खालून कात्री चालवली.

बोंड्या असा ओरडला की शेजारच्या काकू धावत आल्या. गाठ ओढली की तिच्याबरोबर कातडी तंबूसारखी वर येते हे मला कुठं ठाऊक! मी केसांबरोबर कातडीच कापली होती. पांढऱ्या केसांवर रक्त फार दिसतं हो. लेक रडायला लागली. सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "अगं, हळद दाब आधी." हे गाडी काढायला पळाले.

डॉक्टरांनी दोन टाके घातले. मी मान खाली घालून उभी. पर्समधून केसांची पिशवी काढली आणि म्हटलं, "डॉक्टर, हा जगेल ना?" त्यांनी कातडी बघितली, तोंड उघडून बघितलं, आणि मला विचारलं, "बाई, तुम्ही कितवीला शिकवता?"

"दुसरीला." तेव्हा माझ्याकडे दुसरी होती.

"मग तुमच्या वर्गात किती मुलांना पुढचे दात आहेत?"

मला हसूच आलं. दुसरीचा वर्ग म्हणजे बोळक्यांची जत्रा! 'स'चा उच्चार 'थ'. फोटो काढायचा म्हटलं की तोंडावर हात. डॉक्टर म्हणाले, "हा तुमच्या वर्गातलाच आहे. दात पडतायत आणि केसही पडतायत. एकाच वेळी."

हे मला फार आवडलं. दोस्तांनो, तुम्हाला दुधाचे दात 20 असतात आणि मोठेपणी 32 होतात. पिल्लाला दुधाचे 28 असतात, आणि पुढं होतात 42! चौथ्या महिन्यात पडायला लागतात, आणि सातव्यापर्यंत बहुतेक सगळे नवे येऊन जातात. तुम्हाला जे करायला सहासात वर्षं लागतात, ते पिल्लू तीन महिन्यांत उरकतं. बरेचदा तर दात खाता-खाता गिळूनच टाकतं, म्हणून आपल्याला पडलेला दिसतही नाही. हिरड्या शिवशिवतात म्हणून ते चपला चावतं. तेव्हा चपला उचलून ठेवा, पिल्लाला मारू नका.

डॉक्टरांनी शाम्पूवरूनही मला ऐकवलं. माणसाची कातडी जरा आम्लधर्मी असते, कुत्र्याची साधारण उदासीन असते. आपला शाम्पू, आपला साबण आपल्या कातडीच्या मापानं केलेला. तो वारंवार वापरला की त्याची कातडी कोरडी पडते, खाज सुटते. त्याच्यासाठी कुत्र्यांचाच शाम्पू हवा. आणि आंघोळ महिन्यातून एकदा पुष्कळ झाली. तीही आधी पूर्ण विंचरून, कोमट पाण्यानं, कानात पाणी न जाऊ देता. नंतर टॉवेलनं अगदी मुळापर्यंत कोरडं करायचं, वरवर नाही.

टाके आठवड्यानं निघाले. पण खरं नुकसान टाक्यांचं नव्हतंच. आता कंगवा दिसला की बोंड्या पलंगाखाली. माझ्या हातात काहीही चकाकलं, मग तो चमचा का असेना, की तो भिंतीला चिकटून थरथरायचा. मी हाक मारली तर यायचा नाही. तुम्हाला सांगते, रोज शाळेतून आल्यावर दारात उड्या मारणारं पिल्लू आपल्याला बघून पलंगाखाली जातं, तेव्हा फार वाईट वाटतं. आणि विंचरल्याशिवाय तर गत्यंतर नव्हतं, कारण गळती अजून तीनचार महिने चालणार होती.

ते काम केलं माझ्या लेकीनं. तेव्हा ती तिसरीत होती. तिनं मला बजावलं, "आई, तू मध्ये यायचं नाहीस."

पहिले चार दिवस तिनं स्टीलचा कंगवा नुसता त्याच्या जेवणाच्या ताटलीशेजारी ठेवला. बस. विंचरणं नाही, काही नाही. मग दोन दिवस कंगवा हातात धरून बसायची. बोंड्यानं येऊन तो हुंगला की पोळीचा एक कण. मग कंगव्याची पाठ, म्हणजे दाते नसलेली बाजू, त्याच्या पाठीवरून एकदा फिरवायची, की पोळीचा कण. सासूबाई म्हणाल्या, "काय ते कुत्र्याचं कौतुक! आमच्या मुलांना आम्ही असं नाही भरवलं कधी." पण लेक ऐकेना. एकदा बोंड्या उठून गेला तर तिनं त्याला धरून ठेवलं नाही, जाऊ दिलं. मला हेच जमलं नसतं. माझ्यातल्या बाईनं "बस खाली!" म्हणून दरडावलं असतं. तीन आठवड्यांनी बोंड्या संध्याकाळी सात वाजता आपणहून सतरंजीवर येऊन आडवा पडायला लागला. लेकीचं सातचं कार्टून बुडलं, त्याची तक्रार तिनं एकदाही केली नाही.

विंचरायची रीतही डॉक्टरांनी तिलाच शिकवली, मला नाही! वरवर ब्रश फिरवला की कुत्रा वरून छान दिसतो आणि आत गाठी तशाच राहतात. म्हणून पिल्लाला कुशीवर झोपवायचं. एका हातानं केस वर दाबून धरायचे, म्हणजे खाली कातडीची रेघ दिसते. त्या रेघेपासून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे केस सोडत विंचरायचे, मग पुढची रेघ. पुस्तकाची पानं उलटावीत तसं. केस अगदी कोरडे असतील तर तुटतात, म्हणून आधी पाण्याचा हलका फवारा. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली आणि मागच्या मांड्यांवर, जिथं विजार घातल्यासारखे केस असतात तिथं, गाठी आधी होतात. गाठ सापडली तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळायचं, मुळाशी केस बोटांनी घट्ट धरायचे म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून सोडवत यायचं. तुमची आई तुमच्या वेणीचा गुंता काढते, तसंच. नाहीच सुटली तर डॉक्टरांकडे किंवा रोज हेच काम करणाऱ्याकडे न्यायचं. घरच्या कात्रीला हात लावायचा नाही. (हे वाक्य मी माझ्यासाठीच लिहिलं आहे.)

दररोज कंगव्यातून जो गोळा निघायचा तो लेक खिडकीत ठेवायची. एकदा सासूबाईंनी तो वातीचा कापूस समजून उचलला, आणि बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं. त्या दिवसाबद्दल आमच्या घरात जास्त बोललेलं चालत नाही!

एवढं होईतो एप्रिल आला. अकोल्याचा एप्रिल! पारा बेचाळीस, त्रेचाळीस. कूलर लावून माणसं हैराण, आणि बोंड्या जीभ बाहेर काढून धापा टाकत बाथरूमच्या फरशीवर पडलेला. जो येईल तो म्हणायचा, "भादरून टाका हो याला. मोकळं वाटेल." मलाही ते पटत होतं. सासूबाईंचा मुद्दा तर बिनतोड, "मेंढ्या नाही का भादरत?"

न्यायच्या आदल्या दिवशी मी सहज डॉक्टरांना फोन केला. एकदा हात पोळले होते ना!

ते म्हणाले, "मेंढीची लोकर वाढतच राहते, म्हणून ती कातरावी लागते. तुमच्या डोक्यावरचे केसही वर्षानुवर्षं वाढतात, म्हणून न्हाव्याकडे जावं लागतं. पण भुवया कापायला तुम्ही कधी न्हाव्याकडे गेलात का? का नाही? कारण भुवईचा केस थोडे दिवस वाढतो आणि मग बराच काळ नुसता बसून राहतो. पॉमेरियनचा केस भुवईसारखा आहे. ठरलेल्या लांबीचा झाला की महिनोन्‌महिने विश्रांती घेतो. त्याला मुळापासून भादरलात, तर तो परत कधी उगवेल याचा नेम नाही. काहींना सहा महिने, काहींना वर्ष दोन वर्षं लागतात, आणि काहींना कधीच पहिल्यासारखा येत नाही. ठिकठिकाणी चट्टे राहतात."

मग मी विचारलं, "पण उकाडा?"

तर दोस्तांनो, त्याचं उत्तर आमच्या कोपऱ्यावर उभं असलेल्या बर्फाच्या गाडीत होतं. बर्फवाला लादी भुश्यात पुरून वर पोतं का टाकतो? बर्फाला थंडी वाजते म्हणून? नाही ना! बाहेरची उष्णता आत जाऊ नये म्हणून. कुत्र्याच्या आतल्या लोकरीत हवा अडकलेली असते. ती हिवाळ्यात अंगाची ऊब आत ठेवते, आणि उन्हाळ्यात उन्हाची झळ थेट कातडीवर येऊ देत नाही. पण हे घडतं केव्हा? कोट विंचरलेला, मोकळा असेल तेव्हा. मेलेले केस आत कोंबलेले असतील, नमदा झाला असेल, तर तिथं हवा खेळत नाही. म्हणजे उन्हाळ्यात कंगवाच जास्त हवा. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येतच नाही. घामाच्या ग्रंथी असतात पंजाच्या गादीत, आणि बाकीची गरमी तो धापा टाकून जिभेवाटे आणि श्वासावाटे बाहेर काढतो. केस काढले म्हणून त्याचा घाम वाढणार आहे थोडाच!

पण म्हणून "कोट आहे ना, मग उन्हात खेळू दे" असं मात्र करायचं नाही हं. ऊन लागून पिल्लू दगावू शकतं. सावली, भरपूर पाणी, आणि फिरायला पहाटे किंवा दिवेलागणीनंतरच. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताचा उलटा पंजा सातएक सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही.

आणखी एक. शेजारच्या ल्हासा अप्सोचे केस कापून आणतात म्हणून आपल्या पॉमचेही कापू नका, आणि आपल्या पॉमचे कापत नाही म्हणून त्यांना शहाणपण शिकवायलाही जाऊ नका! ल्हासा, शिह त्झू, पूडल यांचे केस आपल्या डोक्यावरच्यासारखे वाढत राहतात, त्यांचे कापावेच लागतात. पगचे केस इवलेसे असतात, पण गळतात असे की विचारू नका. कुत्रा लहान एवढंच बघून भागत नाही.

बोंड्याचा भादरायचा बेत रहित झाला. 2023 च्या दिवाळीला तो मानेभोवती आयाळ फुलवून पाहुण्यांत मिरवत होता. आदल्या वर्षीच्या पाहुण्यांनी विचारलं, "नवीन आणला का हो?"

आता चला आमच्या वर्गात. बुधवार होता, आणि रविवारला चारच दिवस उरले होते.

मी मुलाला असं नाही सांगितलं की "काही नाही रे, केस असेच गळतात." कारण मी डॉक्टर नाही, आणि केस रोगानंही गळतातच. खरूज असते, गोचीड आणि पिसवा असतात. गजकर्ण तर पिल्लापासून मुलांनाही होतं. वडिलांची काळजी काही खोटी नव्हती. मी त्याच्या वहीत चार प्रश्न लिहून दिले आणि सांगितलं, वडिलांच्या समोर बसून बघायचं, नंतर हात साबणानं धुवायचे. एक, केस बाजूला केल्यावर कातडी कशी दिसते? लाल, खपली धरलेली, की साधी? दोन, कुठं गोल टक्कल आहे का, डोळ्यांभोवती, कानांवर, पायांवर? की सगळीकडेच केस पातळ झालेत आणि खालून नवे राठ केस टोचतायत? तीन, दहा मिनिटं घड्याळ लावून मोज, तो किती वेळा खाजवतो? चार, जेवतो का, खेळतो का?

आणि पाचवा प्रश्न मी मुद्दाम तोंडी ठेवला. "त्याचे दात बघ रे."

गुरुवारी वही आली. कातडी "साधी गुलाबी, पन मानेले दोन काळे दाने". टक्कल नाही, "टोचते". खाजवलं दोनदा, दोन्ही वेळा मानेला. जेवण "लय". दाताबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. वडील म्हणे तोंड उघडू द्यायला तयार नव्हते, चावेल म्हणून.

मानेवरचे काळे दाणे म्हणजे काय ते तुम्ही ओळखलंच असेल. गोचीड! बोटानं चिमटून ओढले तर तोंड आत राहतं, आणि त्यांच्यामुळे कुत्र्याला ताप येणारे वाईट आजार होतात. मी वडिलांना फोन केला. म्हटलं, सोडायचं की नाही हे नंतर ठरवू, आधी सरकारी दवाखान्यात दाखवून या. आणि तोवर काही लावू नका. कारण आमच्याकडे अशा वेळी एकेक औषधं निघतात! गाडीचं जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल, गाईचं गोचिडाचं औषध. पिल्लू ते सगळं चाटतं आणि औषधानंच मरतं.

वडील जरा गप्प बसले. मग म्हणाले, "बाई, मी काय राक्षस आहो का? लेकराच्या अंगावर उठन काही, म्हून म्हटलं होतं."

मी म्हटलं, "मला माहीत आहे. म्हणूनच फोन केला." कायद्याची गोष्टही मी त्यांना सांगितली, पण अगदी शेवटी आणि हळूच. 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे, पाळलेल्या जनावराचे उपासमारीनं हाल होतील असं त्याला विनाकारण बाहेर सोडून देणं हा गुन्हा आहे. घरात वाढलेलं पाच महिन्यांचं पिल्लू हायवेवर एक रात्रही काढू शकत नाही.

शुक्रवारी तो मुलगा शाळेत आलाच नाही. माझं लक्ष दिवसभर दाराकडे. भूमितीच्या तासाला मी फळ्यावर त्रिकोण काढला आणि त्याला चौकोन म्हणाले, मुलांनी हसून घेतलं.

शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थनेआधीच तो धावत आला, आणि मागे वडीलही, हातात दवाखान्याची चिठ्ठी. डॉक्टरांनी गोचीड काढले होते, औषधाचे थेंब मानेवर सोडले होते, जंताचं औषध दिलं होतं. रेबीजची लस राहिली होती, तीही टोचली. केसांचं काय, तर "वयानं गळतात, विंचरा" एवढंच सांगितलं.

"पन बाई, दवाखान्याच्या आधीच बाबाचं मन पलटलं होतं," मुलगा म्हणाला.

"ते कसं?"

त्यानं वडिलांकडे बघितलं. वडील दुसरीकडेच बघायला लागले. गुरुवारी रात्री ते कामावरून आले, पाय धुतले आणि चपलेत पाय घातला, तर काहीतरी टोचलं. चावून चावून चघळा केलेल्या पट्ट्यात एक इवलासा दात रुतला होता. सुईसारखा. "मले वाटलं," वडील म्हणाले, "याच्या भावाचा बी मागच्याच महिन्यात पडला. तेव्हा आपन काही त्याले सोडून नाही आलो हायवेले."

टायगर आज दीड वर्षाच्या आसपास आहे. शेपटीचा झुपका परत आला आहे. पाठीवरच्या पट्ट्याचं अजून जुळायचं आहे. त्याचा मालक पाचवीत गेला, पण मधल्या सुट्टीत येऊन केसांची बातमी देऊन जातो. परवा मी त्याची कंपासपेटी उघडून बघितली. टायगरचा सुळा तिच्यात आहे, कापसात गुंडाळून, आगपेटीत ठेवलेला. कोनमापक मात्र हरवलाय.